जिल्हाधिकाऱ्याच्या हातातलं दल

सिव्हिल डिफेन्स म्हटलं की मुंबईतल्या जुन्या पिढीला १९७१चा डिसेंबर आठवतो. भोंगा वाजायचा, दिवे मालवले जायचे, खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटवलेले असायचे. त्या आठवणींमुळे नागरी संरक्षण दल हे युद्धाचंच अपत्य, अशी समजूत घट्ट झाली. या दलाला पुढे ज्या संस्थेनं शिकवलं, ती मात्र युद्धासाठी काढलेली नव्हती. २९ एप्रिल १९५७ रोजी नागपुरात केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था सुरू झाली, ती संकटकाळी मदतकार्य चालवणारे महसूल अधिकारी तयार करण्यासाठी.

चीनच्या आक्रमणानं रोख बदलला. २६ ऑक्टोबर १९६२ला आणीबाणी जाहीर झाली, त्याच वर्षी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत नागरी संरक्षणाचं महासंचालनालय उभं राहिलं आणि दलाला आधार मिळाला तो भारत संरक्षण कायद्याचा. तो कायदा आणीबाणीपुरता, आणि ती उठल्यावर जेमतेम सहा महिने टिकणारा. १० जानेवारी १९६८ रोजी आणीबाणी उठली तेव्हा कायमस्वरूपी कायदा करणं भागच होतं. मे १९६८मध्ये नागरी संरक्षण कायदा झाला. त्याच्या आदल्याच महिन्यात नागपूरच्या संस्थेचं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झालं होतं.

हा कायदा मला फार विचारपूर्वक बांधलेला वाटतो. नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे, पण दल उभारायचं राज्यानं. दिल्लीतलं महासंचालनालय धोरण ठरवतं, प्रशिक्षणाला दिशा देतं. माणसं त्याच्या हुकमतीत नसतात. राज्य सरकार एखाद्या क्षेत्रासाठी दल स्थापन करतं आणि त्यावर नियंत्रक नेमतं. हा नियंत्रक जिल्हा दंडाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसावा, अशी अट कायद्यातच आहे. म्हणून बहुतेक ठिकाणी ही जबाबदारी जिल्हाधिकाऱ्याकडे येते. राज्यातल्या नियंत्रकांच्या कामाचा मेळ घालायला संचालक असतो.

पगारी कर्मचारी मोजकेच. बाकी सगळा भार स्वयंसेवकांवर. दिवसा बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करणारी माणसं इथे क्षेत्ररक्षक होतात. लोकांच्या तोंडी मात्र ‘वॉर्डन’च. कोणत्या चाळीत किती माणसं राहतात, कोण अंथरुणाला खिळलेलं आहे, कोणत्या गल्लीतून बंब आत जाऊ शकत नाही, हे वॉर्डनला ठाऊक असावं लागतं. बाहेरून आलेल्या कोणत्याही पथकाला हे ज्ञान आयतं मिळत नाही. म्हणून या यंत्रणेत सर्वांत मोलाचा माणूस मी त्यालाच मानतो.

वॉर्डन सेवा धरून दलाच्या बारा सेवा आहेत. अग्निशमन, विमोचन, दळणवळण, जखमींवरचे उपचार या ओघानं आल्याच. पण त्यांत मृतदेहांची व्यवस्था पाहणारी सेवाही आहे. ओळख पटवणं, नोंद ठेवणं, अंत्यविधीची सोय करणं हे काम आधीच कुणावर तरी सोपवून ठेवायला हवं, एवढं भान आराखडा करणाऱ्यांनी ठेवलं. ते काम हातात घेणाऱ्या स्वयंसेवकांचा सत्कार क्वचितच होतो.

मूळ कायद्यात नागरी संरक्षण म्हणजे शत्रूच्या हल्ल्यापासून माणसांचं आणि मालमत्तेचं, प्रत्यक्ष लढाईत न उतरता केलेलं रक्षण. २००९च्या दुरुस्तीनं त्यात आपत्ती व्यवस्थापन जोडलं. ज्या कामासाठी नागपूरची संस्था निघाली होती, ते काम अर्धशतकानं कायद्याच्या व्याख्येत आलं.

कागदावर आलं, पण दलाची ठाणी बहुतांशी जुन्याच हिशेबानं बसलेली राहिली. ७ मे २०२५ रोजी देशभरातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव ठरला. महाराष्ट्राच्या यादीत तारापूर, उरण, मनमाड, भुसावळ अशी नावं होती. तारापूरला अणुवीज केंद्र, उरणला बंदर आणि तेल-वायूचे प्रकल्प, मनमाड आणि भुसावळला रेल्वेची जंक्शनं. शत्रू कुठे घाव घालील, याचा विचार या निवडीमागे उघड दिसतो, आणि तो रास्तही आहे. पण डोंगर कुठे कोसळेल, हे त्या यादीवरून कळत नाही. ३० जुलै २०१४ला माळीण ढिगाऱ्याखाली गेलं, १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी. इर्शाळवाडीला तर गाडीरस्ताच नव्हता. मदत पथकांना अंधारात, पावसात पायी डोंगर चढावा लागला. अशा वाडीत पहिले काही तास शेजारीच शेजाऱ्याला बाहेर काढतो. त्याला दोर बांधायला, जखमीला उचलायला, गाळात अडकलेल्याचा कानोसा घ्यायला कुणी शिकवलेलं असेल, तर त्या तासांत जीव वाचतात.

२००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्षही जिल्हाधिकारीच असतो. म्हणजे दोन्ही दोऱ्या एकाच माणसाच्या हाती येऊ शकतात. नागरी संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमात राज्याला ‘कोणत्याही क्षेत्रासाठी’ दल उभारता येतं. ते क्षेत्र शहरच असावं, अशी अट तिथे नाही. सह्याद्रीतल्या दरडप्रवण वाड्यांसाठी राज्यानं दल उभारायला घेतलं, तर १९६८चा कायदा आड येत नाही.