थंडी पडली, ताप गेला?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने डासांवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण निमित्त घरचेच आहे. गेल्या कार्तिकात धाकट्या बहिणीला डेंग्यू झाला. ती बरी झाली तेव्हा आबा म्हणाले, "आता थंडी पडेल. डास मरतील, त्यांच्याबरोबर तापही मरेल. होय ना रे?" आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे माझ्या 'होय'ला वजन फार. मी 'होय' म्हणून मोकळा झालो. पुढे ग्रंथालयात वाचताना कळले, की ते उत्तर अर्धेच खरे होते.

खरा अर्धा भाग असा. रोग्याला चावलेला डास लगेच दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. विषाणू आधी डासाच्या पोटात वाढतो, मग त्याच्या लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोहोचतो. डेंग्यूच्या विषाणूला त्यासाठी उबदार हवेत साधारण ८ ते १२ दिवस लागतात. डासाला स्वतःची ऊब नसते. हवा गार झाली की तोही गार, आणि विषाणूची वाढही मंद. हा काळ इतका लांबतो, की पुष्कळ डास त्याआधीच मरतात. म्हणून थंडीत साथ ओसरते.

परंतु थंडीने विषाणू नाहीसा होतोच असे नाही. १९९९ साली न्यूयॉर्क परिसरात 'वेस्ट नाईल' विषाणूची साथ आली. ६२ जण आजारी पडले, ७ दगावले. कावळे तर ढिगांनी मेले. मग बर्फाचा हिवाळा आला. २००० च्या जानेवारी-फेब्रुवारीत शास्त्रज्ञांनी आडोशाला दडून बसलेले क्युलेक्स डास वेचून तपासले. काहींत विषाणूच्या खुणा सापडल्या आणि डासांच्या एका गटातून तर चक्क जिवंत विषाणू मिळाला! कोडे असे, की हिवाळी झोप घेणारी मादी त्याआधी सहसा रक्त पीत नाही. फुलांचा रस पिऊन चरबी साठवते. मग विषाणू आला कोठून? आईकडून, अंड्यातून आला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. २००३ पर्यंत तो पार कॅलिफोर्नियात पोहोचला.

आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा एडिस डास पिंपाच्या आतल्या कडेला अंडी घालतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. काहींत विषाणूही असू शकतो.

हे सारे मी आबांना सांगितले. "मग तेव्हा होय का म्हणालास?" त्यांनी विचारले. मी काथ्या घेतला आणि परसातले पिंप घासायला बसलो.