नियम कमी झाले, पण हेलपाटे?

‘ईज ऑफ डूइंग बिझनेस’ हा विषय संशोधनासाठी घ्यायचा विचार करत असाल, तर प्रस्ताव लिहिण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा : आपण नक्की काय मोजणार आहोत?

२०२३-२४ च्या अर्थसंकल्पी भाषणात सांगितलं गेलं की ३९,००० हून अधिक कम्प्लायन्स कमी केले. त्याच वर्षी जन विश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांमधल्या १८३ तरतुदी बदलल्या. बऱ्याच ठिकाणी तुरुंगवास गेला आणि दंड आला. आकडे मोठे आहेत. पण ते सरकारने काय केलं ते सांगतात, उद्योजकाचा किती वेळ वाचला ते नाही. वर्षानुवर्षं कोणी न भरलेला फॉर्म रद्द झाला तरी मोजणीत एक, आणि दरमहा भरावं लागणारं विवरणपत्र रद्द झालं तरी एकच!

मग ओझं मोजायचं कसं? नेदरलँड्समध्ये ‘स्टँडर्ड कॉस्ट मॉडेल’ तयार झालं. कल्पना साधी आहे. समजा, एका विवरणपत्राला २ तास लागतात, तासाचा खर्च ३०० रुपये, ते वर्षातून १२ वेळा भरायचं आणि उद्योग १,०००. म्हणजे वर्षाला ७२ लाख रुपये. आता दोन नियमांची तुलना करता येते.

पण यातही एक मेख आहे. तो ‘२ तास’ आकडा आणायचा कुठून? जागतिक बँकेच्या ‘डूइंग बिझनेस’ यादीत भारत २०१४ ते २०१९ दरम्यान १४२ वरून ६३ वर आला. बांधकाम परवान्यांत तर २०१८ मध्ये एका वर्षात १८१ वरून ५२ वर! मात्र भारताची माहिती घेतली जायची ती मुंबई आणि दिल्लीतून. वर्ध्यातल्या डाळमिलवाल्याचा अनुभव त्यात नव्हताच. पुढे डेटातल्या गडबडींमुळे २०२१ मध्ये बँकेने हा अहवालच बंद केला.

हॉलवर्ड-ड्रिमायर आणि प्रिचेट यांचा २०१५ चा लेख इथे जरूर वाचा. कागदावरचे दिवस आणि उद्योगांनी सांगितलेले प्रत्यक्ष दिवस यांचा फारसा मेळ बसत नाही, असं त्यांना दिसलं. एकाच देशात, एकाच परवान्यासाठी कुणाचं काम चटकन होतं, कुणी ताटकळत राहतं.

म्हणून सुरुवात छोटी ठेवा. एक परवाना, एक तालुका घ्या. ‘नियम जाचक वाटतात का?’ असं मोघम विचारू नका. ‘मागच्या वेळी किती दिवस लागले? किती हेलपाटे झाले? एजंटला किती दिले?’ असं विचारा. आणि तो नियम कामगाराच्या सुरक्षेसाठी असेल, तर त्या कामगारालाही विचारा. मालकाचा वाचलेला खर्च कधी कधी त्याच्या अंगावर पडलेला असतो, आणि तो कोणत्याच रँकिंगमध्ये दिसत नाही.