नवा वॉटर पंप बसवला, तरी पाणी का गळतं?
१४८९ सीसी इंजिनाच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरला नवा वॉटर पंप बसवूनही पाणी गळत असेल, तर पंपाला दोष देण्याआधी सांधा तपासा. पंप आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट सपाट, स्वच्छ धातूवरच नीट बसतं. म्हणून जुन्या गॅस्केटचा चिकटलेला थर आधी पूर्ण खरवडून काढा. सीलंटचा एक पातळ हात पुरतो. जास्त लावलं तर ते आवळताना आत सरकतं, तुटून पाण्यासोबत फिरतं आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबवतं. मग गळती थांबली तरी इंजिन तापतंच. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाबाखालचं उकळतं पाणी थेट अंगावर उडतं.