प्रत तर बरोबर निघाली, मग अडलं कुठे?

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या आगेमागे अनेक कार्यालयांत आणि कॉलेजांच्या लॅबमध्ये नवी मशीन आली आणि ती तयार करण्याचं काम एकदोन माणसांच्या गळ्यात पडलं. तीस मशीनवर विंडोज, ऑफिस, टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर एकेक करून टाकत बसण्यापेक्षा एकच मशीन नीट तयार करायचं, त्याच्या डिस्कची इमेज घ्यायची आणि ती नेटवर्कवरून बाकीच्यांवर उतरवायची, हा रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. न्यूझीलंडमध्ये मरे हॅझर्ड यांनी १९९५ साली घोस्ट तयार केला, १९९८ साली तो सिमँटेककडे गेला, तेव्हापासून कार्यालयांत हे काम असंच होत आलं आहे. आता तैवानमध्ये घडलेला क्लोनझिला आणि फॉग ही फुकट मिळणारी साधनं तेच काम उत्तम करतात. तरीही इमेज टाकून आठवडा उलटतो न उलटतो तोच तक्रारी येऊ लागतात आणि बहुतेक वेळा दोष साधनावर ढकलला जातो. माझ्या मते साधन आपलं काम चोख करतं. डिस्कवर जे आहे ते सगळं उचलतं, आणि त्या सगळ्यात मशीनची ओळखही येते. ही ओळख आधी पुसली नाही, तर पुढे जे घडतं त्याला ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम’ असं मोघम नाव मिळतं आणि लोक भलतीकडेच शोधत राहतात.

‘एसआयडी सारखा असला तरी काही बिघडत नाही’

हा समज जाणकारांमध्येही पक्का आहे, कारण अनेक वर्षं तो बऱ्याच अंशी खरा होता.

विंडोज बसतानाच प्रत्येक मशीनला एसआयडी नावाचा सुरक्षा-क्रमांक मिळतो. त्या मशीनवरच्या स्थानिक खात्यांचे क्रमांक त्यालाच शेपूट जोडून बनतात: मूळ ॲडमिनिस्ट्रेटरला ५००, नंतर उघडलेल्या खात्यांना १०००च्या पुढचे. डिस्क जशीच्या तशी उतरवली की तीसही मशीनचा एसआयडी एकच होतो. एके काळी हे घातक मानलं जाई आणि तो क्रमांक बदलायला सिसइंटर्नल्सचं न्यूसिड हे साधन वापरलं जाई. नोव्हेंबर २००९मध्ये न्यूसिडच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या मार्क रसिनोविच यांनीच जाहीर केलं, की मशीनचा एसआयडी दुसऱ्या मशीनपुढे ओळख पटवायला वापरला जातच नाही, त्यामुळे तो दोन मशीनवर सारखा असल्याने अपाय होत नाही. न्यूसिड मागे घेतलं गेलं. मात्र त्याच वेळी त्यांनी हेही स्पष्ट केलं होतं, की सिस्प्रेप या विंडोजच्याच साधनाने मशीनची ओळख पुसलेल्या इमेजलाच मायक्रोसॉफ्टचा आधार राहील. लोकांनी पहिला भाग लक्षात ठेवला, दुसरा सोडून दिला.

पुढची सोळा वर्षं अशीच निघून गेली. २९ ऑगस्ट २०२५ रोजी आणि त्यानंतर आलेल्या अपडेटनी विंडोज ११च्या २४एच२ व २५एच२ आवृत्त्यांत आणि विंडोज सर्व्हर २०२५मध्ये एसआयडीची तपासणी कडक केली. आता एकच एसआयडी असलेली दोन मशीन एकमेकांशी बोलू लागली, की केर्बेरॉस आणि एनटीएलएम या दोन्ही मार्गांनी होणारी ओळख-पडताळणी नाकारली जाते. पासवर्ड बरोबर असतो, तरी तो पुन्हा पुन्हा विचारला जातो. शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप लागत नाही. कालपर्यंत बरं चाललेलं कार्यालय एका अपडेटनंतर असं अडलं, की संशय आधी स्विचवर जातो, मग अँटिव्हायरसवर, मग पासवर्ड विसरणाऱ्या माणसावर. अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअर उघडावा. सिस्टिम लॉगमध्ये एलएसएएसआरव्हीच्या नावाने ६१६७ क्रमांकाची नोंद दिसली, तर उत्तर तिथेच आहे. खात्री हवी असेल तर सिसइंटर्नल्सचं पीएसगेटसिड दोन्ही मशीनवर चालवून आकडे शेजारी ठेवावेत.

यावर कायमचा उपाय मायक्रोसॉफ्टने एकच सांगितला आहे: अशी मशीन सिस्प्रेप केलेल्या इमेजवरून पुन्हा उभी करणं. तात्पुरती सवलत देणारी ग्रूप पॉलिसी त्यांच्या सपोर्टकडून मागून घ्यावी लागते. तीस मशीन पुन्हा उभी करणं किती जिवावर येतं याची मला पुरती कल्पना आहे. म्हणूनच नवी इमेज घेणाऱ्याने ‘आजवर कुठे काय झालं’ या भरवशावर राहू नये असं मी कळकळीने सांगतो.

ओळख एसआयडीपाशी संपत नाही. व्हॉल्यूम परवान्यासाठी कार्यालयात केएमएस सर्व्हर असेल, तर किमान २५ वेगवेगळी मशीन मोजून झाल्याशिवाय तो विंडोजची क्लायंट मशीन सक्रिय करत नाही. क्लोन केलेल्या मशीनचा क्लायंट-क्रमांक एकच असेल, तर चाळीस मशीन जोडली तरी मोजणी पुढे सरकत नाही आणि परवाना देणाऱ्याशी विनाकारण वाद होतो. अपडेट वाटणाऱ्या डब्ल्यूएसयूएस सर्व्हरवर यासारखाच प्रकार होतो. सगळ्या मशीनचा सस-क्लायंट-आयडी सारखा असल्याने यादीत एखादंच मशीन दिसतं, आणि तेही दर वेळी वेगळ्या नावाने. लिनक्सवरही सुटका नाही. मशीन-आयडीची फाइल तशीच राहिली, तर काही वितरणांत दोन क्लोन डीएचसीपीकडे एकाच ओळखीने जातात आणि दोघांनाही एकच आयपी पत्ता मिळतो. एसएसएचच्या होस्ट-किल्ल्या सारख्या राहतात, ते वेगळंच.

सिस्प्रेपची धास्ती

सिस्प्रेप केलं की टाकलेले प्रोग्राम उडतात, अशी भीती बऱ्याच जणांना असते. ‘जनरलाइज’ हा पर्याय मशीनची ओळख, बसवलेल्या उपकरणांच्या नोंदी आणि सक्रियतेची स्थिती पुसतो. प्रोग्राम जागेवर राहतात. टॅलीसारख्या, परवाना मशीनला बांधलेल्या प्रोग्रामचा परवाना मात्र इमेज उतरवल्यानंतरच चालू करावा.

सिस्प्रेप अडतं, हे खरं आहे, आणि ते बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या ॲपमुळे अडतं. एखादं ॲप एका वापरकर्त्यासाठी अद्ययावत झालं आणि सगळ्यांसाठी नाही, की काम थांबतं. कोणतं ॲप, ते सिस्टिम३२मधल्या सिस्प्रेपच्या पँथर फोल्डरात सेटअपॲक्टच्या लॉगमध्ये नावानिशी लिहिलेलं असतं. तो लॉग न वाचता सगळं फॉरमॅट करून पुन्हा सुरुवात करणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं, कारण दोन मिनिटांचं वाचन एक दिवस वाचवतं. मास्टर मशीन तयार करताना पहिल्याच पडद्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ दाबून ऑडिट मोडमध्ये जावं आणि नेटवर्कची केबल काढून ठेवावी, म्हणजे स्टोअरला मधे लुडबुड करता येत नाही. बिटलॉकर चालू असेल तर आधी बंद करून डिस्क पूर्ण उकलू द्यावी. नव्या विंडोज ११मध्ये ते न सांगताही चालू झालेलं असू शकतं.

सिस्प्रेप होऊन मशीन बंद झालं, की इमेज घेईपर्यंत ते स्वतःच्या डिस्कवरून चालू करायचं नाही. केलं तर ते नवी ओळख घेतं आणि मेहनत वाया जाते. डोमेनलाही मास्टर मशीन जोडायचं नाही. जोडणी प्रत्येक मशीनवर इमेज उतरल्यावर व्हावी.

‘एकाच मॉडेलची मशीन हवीत’

विंडोज एक्सपीच्या काळात हे बरोबर होतं. व्हिस्टापासून विंडोजची इमेज हार्डवेअरपासून बरीच मोकळी झाली, आणि आज डेलच्या मशीनवरची इमेज एचपीच्या मशीनवर साधारणपणे सुरळीत चालू होते. अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, डिस्कचा कंट्रोलर. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच मशीनवर व्हीएमडी चालू असतं. त्याचा ड्रायव्हर इमेजमध्ये नसेल, तर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा येतो. दुसरं, बूट होण्याची पद्धत. जुन्या बायोस पद्धतीच्या एमबीआर डिस्कची इमेज केवळ यूईएफआय जाणणाऱ्या मशीनवर उठणार नाही. मास्टर शक्यतो आभासी मशीनमध्ये यूईएफआय पद्धतीने तयार करावं, म्हणजे कोणत्याही एका हार्डवेअरचे संस्कार त्यात शिरत नाहीत.

आभासी मशीनचा आणखी एक फायदा आहे. ‘डेटा तर ४० जीबीच आहे, मग २४० जीबीच्या एसएसडीवर का बसत नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. मूळ डिस्क २५६ जीबीची असेल, तर वापरलेली जागा कितीही कमी असो, क्लोनझिला आधी पार्टिशनचा आकार पाहतो आणि लक्ष्य लहान आहे म्हणून नकार देतो. मास्टरची डिस्कच ६०-७० जीबीची ठेवली, तर ती कुठेही मावते आणि नंतर वाढवता येते. फक्त रिकव्हरीचं पार्टिशन सी ड्राइव्हच्या पाठीला चिकटलेलं असेल, तर वाढवायला वाट राहत नाही, हे आधी पाहून घ्यावं. आणि क्लोनझिला एनटीएफएस नीट बंद झालेलं नाही म्हणून कुरकुरला, तर बहुतेकदा फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. फास्ट स्टार्टअप बंद करून, डिस्क तपासून मशीन पूर्ण शटडाउन करावं.

‘मल्टिकास्ट लावलं तरी नेटवर्क रडतंय, स्विच बदला’

आधी हिशेब मांडू. गिगाबिट लॅनवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात. २० जीबीची इमेज एका मशीनला तीन मिनिटांत पोचते. तीस मशीनना वेगवेगळी पाठवली तर सर्व्हरच्या एकाच पोर्टातून ६०० जीबी जाणार, म्हणजे दीड तास. मल्टिकास्टमध्ये एकच प्रवाह सगळे एकदम ऐकतात, त्यामुळे तीसही मशीन एका मशीनच्या वेळेत व्हायला हवीत.

पण सगळ्यांनी एकदम ऐकायचं, तर प्रवाहाला सर्वांत संथ श्रोत्यासाठी थांबावं लागतं. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एखाद्या टेबलाखालच्या केबलची क्रिम्पिंग ढिली होऊन एक जोडी तुटली, तर ते मशीन गुपचूप १०० मेगाबिटवर येतं. इंटरनेट चालू असतं, ईमेल येतात, कुणाला काही जाणवत नाही. इमेज टाकताना मात्र त्या एका मशीनमुळे सगळ्यांचा वेळ तीन मिनिटांवरून अर्ध्या तासावर जातो. म्हणून स्विच बदलण्याआधी प्रत्येक पोर्टाचा वेग पाहावा, संथ मशीन गटातून काढावं आणि त्याला वेगळी इमेज द्यावी. वायफायवर मल्टिकास्ट करण्याच्या फंदात पडूच नये.

मशीन नेटवर्कवरून बूटच होत नसेल, तर पडद्यावरचा संकेतांक वाचावा. पीएक्सई-ई५१ म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण बूट फाइलचं नाव मिळालं नाही. ई३२ म्हणजे टीएफटीपी सर्व्हर उत्तर देत नाही, बऱ्याचदा फायरवॉलमुळे. ई५३ दिसलं की कुणी कोपऱ्यात दुसरा राउटर लावून त्याचंही डीएचसीपी चालू ठेवलं आहे का, ते आधी शोधावं. ई५१ला स्विचचं स्पॅनिंग ट्रीही कारण असू शकतं. पोर्ट जागं व्हायला ते ३० सेकंद घेतं आणि तोवर मशीनचा धीर सुटतो. त्या पोर्टावर पोर्टफास्ट लावलं की प्रश्न मिटतो. बायोस आणि यूईएफआय मशीनना वेगवेगळी बूट फाइल लागते, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेली फाइल मशीन नाकारतं.

इमेज आहे, म्हणजे बॅकअप आहे?

नाही. सहा महिन्यांपूर्वीची इमेज सहा महिन्यांपूर्वीचं कार्यालय परत देते. डोमेनमधल्या मशीनवर त्याचा आणखी एक परिणाम होतो. मशीनचा डोमेनशी असलेला गुप्त पासवर्ड साधारण ३० दिवसांनी आपोआप बदलतो. जुनी इमेज परत टाकली की तो जुळत नाही आणि ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ तुटल्याचा संदेश येतो. डोमेनशी पुन्हा जोडणी केली की काम भागतं.

याहून गंभीर बाब म्हणजे इमेज कुठून घेतली ती. रोज वापरात असलेल्या हिशेबनीसांच्या मशीनवरून इमेज घेतली, तर त्यांच्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि डाउनलोडमधल्या पगारपत्रिका तीस टेबलांवर पोचतात. स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्डही सगळीकडे एकच राहतो, म्हणजे एक मशीन फुटलं की सगळी फुटली. एप्रिल २०२३च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आलेलं लॅप्स प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देतं आणि तो ठरावीक काळाने बदलतं. डोमेन असलेल्या कार्यालयाने ते न वापरण्याला मला तरी कारण दिसत नाही.

एक तक्रार मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांत नेहमी येते. मास्टर मशीनवर मराठी इनस्क्रिप्ट कळफलक लावलेला असतो, पण इमेज उतरल्यावर कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावाने लॉगइन केलं की तो गायब. इमेज खराब झालेली नसते. कळफलक ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यापुरता लावलेला होता, आणि नवं खातं ‘डीफॉल्ट’ प्रोफाइलवरून बनतं. कंट्रोल पॅनेलच्या रीजनमध्ये ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबखाली ‘कॉपी सेटिंग्ज’ आहे. तिथल्या स्वागत पडद्याच्या आणि नव्या खात्यांच्या दोन्ही चौकटींत खूण करावी, मगच सिस्प्रेप करावं. सिस्प्रेपसाठी उत्तरफाइल वापरत असाल तर तिच्यात ‘कॉपीप्रोफाइल’ला ‘ट्रू’ लिहावं. मग एक मशीन उतरवून त्यावर नवं खातं उघडावं आणि नोटपॅडमध्ये ‘ज्ञ’, ‘क्ष’ आणि ‘ऱ्या’ टंकून पाहावं. ही अक्षरं नीट उमटली की उरलेली मशीन हाती घ्यावीत.