काट्यावरची कुस्ती

बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारे याने एप्रिल 2018 मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले, तेव्हा तो 57 किलो वजनगटात खेळत होता. सप्टेंबर 2019 मध्ये नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या टायलर ग्राफला 11-4 असे नमवून त्याने कांस्यपदक मिळवले, ते 61 किलो गटात. दोन पदकांमध्ये सतरा महिने आणि चार किलोंचे अंतर आहे. सामान्य वाचकाला चार किलो म्हणजे सणासुदीत वाढणारे आणि महिन्याभरात उतरणारे वजन वाटेल. मात्र ज्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नाहीच, अशा मल्लाला हे चार किलो आणायचे कोठून आणि उतरवायचे कसे, हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी वजनकाटा कोणत्या वेळी मांडला जातो, यावर अवलंबून असते.

जत्रेतल्या मातीवरच्या कुस्तीत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तेथे पंच आणि वस्ताद नजरेने जोड लावतात. अंगलट, उंची, आजवरच्या कुस्त्या पाहून इनामाची रक्कम ठरते. गादीवरच्या कुस्तीत मात्र ग्रॅमचाही हिशेब होतो. जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्तीचे दहा वजनगट आहेत. टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते सहाच होते. 57 किलोनंतर थेट 65! मधला 61 किलोचा गट ऑलिंपिकमध्ये नाही. ज्याचे नैसर्गिक वजन साठ-बासष्टच्या घरात आहे, त्याला एक तर अंगापिंडाने थोराड प्रतिस्पर्ध्यांशी झुंजावे लागते किंवा खाली उतरावे लागते. बहुतेक जण खाली उतरतात. याच 57 किलो गटात खाशाबा जाधव यांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले होते. त्याआधी 1948 मध्ये लंडनला ते त्याहून खालच्या, 52 किलो गटात खेळले होते.

स्पर्धेच्या तोंडावर उतरवले जाते ते वजन मुख्यतः पाण्याचे असते. आधी भाकरी-भात कमी केला जातो, कारण स्नायूंमध्ये साठलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. मग मीठ बंद, शेवटी पाणीही बंद. अंगावर कपड्यांचे थर चढवून धावणे, दोरीवरच्या उड्या, सौनाच्या उष्ण खोलीत घाम गाळणे हे त्यापुढचे टप्पे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सौनाचीही गरज भासत नाही आणि तोच मोठा धोका आहे. पाणी कमी झाले की रक्ताचे आकारमान घटते, हृदयाचे ठोके वाढतात, घामावाटे उष्णता बाहेर टाकण्याची शरीराची शक्ती क्षीण होते. अमेरिकेत 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना दगावले. त्यांपैकी कोणाचाही मृत्यू आखाड्यात झाला नाही.

व्यावसायिक मुष्टियुद्धाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. पूर्वी लढतीच्या दिवशीच सकाळी वजने होत. नोव्हेंबर 1982 मध्ये लास व्हेगास येथे रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर कोरियाचा किम डुक-कू मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावला. वजन गाठण्यासाठी त्याला फार झगडावे लागले होते. पुढे लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या झाल्या आणि त्याच दशकात वजने आदल्या दिवशी घेण्याची पद्धत रूढ झाली. खेळाडूला खाऊन-पिऊन सावरायला पूर्ण दिवस मिळावा, हा हेतू स्तुत्य होता. परिणाम उलटा झाला. सावरायला चोवीस तास आहेत म्हटल्यावर खेळाडू अधिकच वजन उतरवू लागले. फेब्रुवारी 2000 मध्ये आर्तुरो गाट्टीचे वजन आदल्या दिवशी 141 पौंड भरले होते. न्यूयॉर्कच्या रिंगणात उतरताना मात्र ते सुमारे 160 पौंड, म्हणजे साडेआठ किलोंहून जास्त वाढलेले होते. प्रतिस्पर्धी जोई गॅमाश दुसऱ्याच फेरीत कोसळला आणि मेंदूच्या दुखापतीमुळे त्याची कारकीर्द तेथेच संपली. कागदावर दोघे एकाच गटाचे होते. इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनने जगज्जेतेपदाच्या लढतीच्या सकाळी दुसरे वजन घेण्याची अट घातली; तिच्यानुसार मर्यादेपेक्षा दहा पौंडांहून अधिक वाढ चालत नसे.

कुस्तीने नेमका उलटा रस्ता धरला. पूर्वी आदल्या संध्याकाळी वजने होत. 2018 पासून जागतिक संघटनेने प्रत्येक गटाच्या कुस्त्या दोन दिवसांवर नेल्या आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन घेणे सुरू केले. सावरायला वेळच नसेल, तर मल्ल मुळातच कमी वजन उतरवील, हा त्यामागचा तर्क. तो अर्धा खरा ठरला. पहिल्या दिवशी वजन दिल्यावर मल्लाला दोन-तीन कुस्त्यांसाठी खावे-प्यावे लागते आणि त्याच रात्री पुन्हा सारे उतरवावे लागते. अंतिम फेरी गाठणाऱ्यावर हा भार अधिक पडतो, कारण हरून बाहेर पडलेल्याला दुसऱ्या दिवशी काट्यावर चढावे लागत नाही!

विनेश फोगट हिच्या बाबतीत ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला हेच घडले. एरवी 53 किलो गटात खेळणारी विनेश तेथे 50 किलोत उतरली होती. पहिल्या दिवशीचे वजन व्यवस्थित भरले. टोकियोची सुवर्णविजेती युई सुसाकी हिला हरवून तिने अंतिम फेरीही गाठली. त्या दिवसाच्या कुस्त्यांनंतर वजन मर्यादेपेक्षा 2.7 किलो अधिक असल्याचे पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. दिनशॉ पार्डीवाला यांनी नंतर सांगितले. रात्रभर घाम गाळून, केस कापूनही सकाळी 100 ग्रॅम जास्त भरले. नियमानुसार ती अपात्र ठरली. क्रीडा लवादानेही दाद दिली नाही. त्याच स्पर्धेत 57 किलोत कांस्य जिंकणारा अमन सेहरावत सप्टेंबर 2025 मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत 1.7 किलोंनी जास्त भरला आणि एकही कुस्ती न खेळता परतला. दोन्ही प्रसंगी देशात खेळाडू आणि प्रशिक्षकांच्या शिस्तीची चर्चा रंगली. नियमांच्या रचनेची त्या मानाने कमीच झाली.

काटा पुढे-मागे सरकवल्याने धोका नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. 1997 च्या मृत्यूंनंतर अमेरिकी महाविद्यालयीन कुस्तीने वजने कुस्तीच्या अगदी जवळ आणलीच, शिवाय रबरी पोशाख आणि सौना यांवर बंदी घातली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाचा किमान वजनगट ठरवण्याची सक्ती केली. त्यासाठी आधी लघवीची घनता तपासून शरीरात पुरेसे पाणी असल्याची खात्री करतात, मग चरबीचे प्रमाण मोजतात. पाच टक्क्यांखाली चरबी जाईल अशा गटात उतरता येत नाही. सिंगापूरस्थित 'वन चॅम्पियनशिप' या मिश्र युद्धकलेच्या संस्थेनेही डिसेंबर 2015 मध्ये वजन उतरवताना यांग जियान बिंग या चिनी खेळाडूचा मृत्यू झाल्यावर पाण्याच्या पातळीची तपासणी लागू केली.

लघवीची घनता मोजणारे उपकरण हातात मावते आणि ते वापरायला तज्ज्ञ लागत नाही. जिल्हा निवड चाचणीच्या ठिकाणी वजनकाट्याशेजारी ते ठेवणे अवघड नाही. ते ठेवले, तर पाटोदा किंवा आष्टीच्या तालमीत घडणाऱ्या साठ किलोच्या मुलाला 57 किलो झेपेल की 65 ची तयारी करायची, हे सोळाव्या-सतराव्या वर्षीच कळू शकेल. आज ते त्याला बहुधा स्पर्धेच्या आदल्या रात्री कळते.