रानवाटेचा बोलका सोबती

सातपुड्याच्या रानात भ्रमणध्वनी अनेकदा मुका होतो. तेथे वॉकी-टॉकी, म्हणजे हातातील बिनतारी संच, उपयोगी पडतो. मात्र खोक्यावर छापलेल्या अंतरास भुलू नये. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. असीरगडाच्या माथ्यावरून मैदानात सहज पोचणारा आवाज टेकडीआड अडतो. म्हणून संचांची जोडी प्रत्यक्ष डोंगराआड नेऊन पारखावी. ‘आयपी ६७’ खुणेचा संच मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. आपल्या पावसाळ्यास तोच बरा. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्तीचे मान्यताप्राप्त संच परवान्याविना वापरता येतात. अन्य पट्ट्यांत विनापरवाना बोलल्यास पोलिसांच्या वा बचावपथकाच्या संदेशांत व्यत्यय येऊ शकतो. वाट चुकलेल्या सोबत्यास हाक पोचणे, हीच संचाची खरी कसोटी होय.