दिसला सगळ्यांना, ऐकला कुणी?

२०२६च्या जानेवारीत जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली आणि मुंबईत तारपा म्हणजे काय याची विचारपूस सुरू झाली. आनंद झाला, तशी चीडही आली. वारली चित्रांतला तारपावादक शहरात कुर्त्यांवर, कपांवर, स्टेशनांच्या भिंतींवर कधीपासून आहे.

सत्तरचं दशक, गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे, भिंतीवरून कागदावर आलेली चित्रं, २०११ची त्यांची पद्मश्री, हे सगळं गुळगुळीत पुस्तकांत वाचून घ्यावं. मला बोलायचंय नव्वदच्या दशकाविषयी, कारण तेव्हा मी जव्हार-मोखाड्यात मास्तर होतो. १९९२ला वावर-वांगणीत कुपोषणानं पोरं गेली, तेव्हा कुठे मुंबईला हा रस्ता सापडला. पुढे पाहुणे येत राहिले आणि त्यांच्या स्वागताला उपाशी पाडा नाचत राहिला.

पाड्याचा स्वतःचा तारपा वेगळा. भात तयार झालं की तो रात्री निघे. वाळवलेला दुधी, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडपानांचा कर्णा. वाजवणारा सूर तुटू देत नाही. गालात हवा धरून नाकानं श्वास घेतो. चाल बदलली की पावलं बदलतात, पण फेरातलं कुणी तारप्याला पाठ दाखवत नाही. लग्न पुरोहितबाई धवलेरीच्या गाण्यांनी लागे, घांगळी या तंतुवाद्यावर धान्यदेवी कणसरीची कथा रंगे, सगळं वारली भाषेत.

आमचे एक मुख्याध्यापक मात्र वर्गात वारली बोलणाऱ्या पोराला बाहेर उभं करत. हेच गृहस्थ स्नेहसंमेलनात त्या पोरांच्या कमरेला पानं बांधून ‘आदिवासी नृत्य’ बसवत. पोरांच्या आईबापांनी तसली पानं जन्मात कधी बांधली नव्हती! टाळ्या मात्र कडाडून पडत.

पुढचं थोडक्यात. दिवाळीनंतर घरंच्या घरं वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जात राहिली, लग्नात डीजे आला, २०१४ला आमचा भाग नव्या पालघर जिल्ह्यात आला. चित्राचा बाजार वाढत गेला, कारण चित्र उचलून नेता येतं. तारप्याला पाडा लागतो, पिकलेलं शेत लागतं, वारली कळणारी पोरं लागतात.

आता धिंडांचे सत्कार भरपूर होतील. त्या मंचावर कुणीतरी एवढंच विचारावं, की आश्रमशाळेत तारपा शिकवायला असा एखादा म्हातारा पगारावर का नेमत नाही? उत्तर मला ठाऊक आहे. डी.एड. कुठे झालंय त्याचं!